सणाच्या अंकात जन्मलेला गुप्तहेर

१८८७च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये एक शिलिंग किमतीचा एक वार्षिक अंक विक्रीला आला. नाव ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’. मुखपृष्ठावर खुर्चीतून उठून, हात उंचावून दिवा लावणारा एक माणूस. आत भरपूर जाहिराती, घरच्या बैठकीत हौसेने करता येतील अशा दोन नाटुकल्या आणि या सगळ्यांच्या आधी एक संपूर्ण कादंबरिका: ‘अ स्टडी इन स्कार्लेट’. शेरलॉक होम्स आणि डॉक्टर वॉटसन ही जोडी जगाने पहिल्यांदा पाहिली ती या अंकात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर दिवाळी अंकात.

रहस्यकथेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण ही गोष्ट एका वाक्यात सांगून पुढे जातात. होम्स ‘खरा’ जन्मला तो पुढे ‘स्ट्रँड’ मासिकात, असा त्यांचा सूर असतो. लोकप्रियतेच्या हिशेबाने ते बरोबरही आहे. मला मात्र गेली काही वर्षे वाटत आले आहे की रहस्यकथा आणि सणाचा अंक यांचे नाते वरवरचे नाही. रहस्यकथेची लांबी, तिचा वेग आणि तिचे पुढे झालेले हालसुद्धा या अंकांशी बांधलेले आहेत. लंडन, कोलकाता आणि मुंबई-पुणे अशा तिन्ही ठिकाणी हे दिसते.

आधी लंडन. डॉयल तेव्हा पोर्ट्समथजवळच्या साउथसी या उपनगरात डॉक्टरी करत होता. वय सत्तावीस, रुग्ण बेताचे, हातात वेळ भरपूर. १८८६च्या वसंतात त्याने ही कथा लिहिली. सुरुवातीच्या टिपणांत नायकाचे नाव शेरिनफर्ड होम्स होते आणि त्याच्या मित्राचे ऑर्मंड सॅकर. सॅकर नावाचा निवेदक घेऊन ही कथा शंभर वर्षे टिकली असती का, हा मजेचा प्रश्न आहे. असो. हस्तलिखित प्रथम गेले ‘कॉर्नहिल’ या प्रतिष्ठित मासिकाचे संपादक जेम्स पेन यांच्याकडे. पेन यांना कथा आवडली, पण त्यांनी ती परत केली. कारण मोठे व्यवहारी होते: एका अंकात संपवायला ही फार लांब आणि क्रमशः चालवायला फार आखूड. दुसऱ्या एका प्रकाशकाकडून ते न वाचताच परत आले, तिसऱ्याने नकार दिला. शेवटी वॉर्ड लॉक कंपनीकडे गेले. तिथल्या संपादकाच्या पत्नी जीनी बेटनी यांनी ते वाचून शिफारस केली आणि कंपनीने ऑक्टोबर १८८६मध्ये उत्तर पाठवले: बाजारात सध्या स्वस्त कथांचा पूर आहे, त्यामुळे या वर्षी छापता येणार नाही, पुढच्या वर्षापर्यंत थांबायची तयारी असेल तर सर्व हक्कांसह २५ पौंड. डॉयलने विक्रीवर टक्केवारी मागून पाहिली. नाही म्हणाले. त्याने २५ पौंड घेतले, आणि त्या कथेपोटी त्या कंपनीकडून त्याला पुढे एक पैही मिळाली नाही.

पेन यांचा तो शेरा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो. एका अंकाला लांब, मालिकेला आखूड. त्या काळच्या मासिकांच्या चौकटीत या मापाच्या लेखनाला जागाच नव्हती. ग्रंथालयांची चौकट तर आणखी वेगळी. म्यूडीच्या फिरत्या ग्रंथालयात वर्षाला एक गिनी वर्गणी भरली की एका वेळी एक खंड मिळे, म्हणून प्रकाशकांना तीन खंडांच्या कादंबऱ्या हव्या असत, कारण एकच कादंबरी एका वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरवता येई. अशा बाजारात जेमतेम दोनशे पानांची, एका बैठकीत संपणारी कथा घेऊन लेखकाने जायचे कुठे? ती जागा फक्त सणाच्या वार्षिकात होती. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकाला ‘पुढील अंकी चालू’ म्हणता येत नाही. त्याला संपूर्ण गोष्ट लागते, ती भरगच्च लागते, आणि सुटीच्या दोन संध्याकाळी पुरेल एवढीच लागते. कॉर्नहिलने जे दोष म्हणून सांगितले ते बीटनच्या वार्षिकात नेमके माप ठरले.

ज्याच्या नावाने हे वार्षिक निघे तो सॅम्युएल बीटन तेव्हा हयात नव्हता. गृहव्यवस्थेवरच्या प्रसिद्ध ग्रंथाची लेखिका इझाबेला बीटन हिचा तो नवरा. १८६६मध्ये लंडनची एक मोठी पतपेढी बुडाली, त्यात तोही बुडाला, आणि आपली नियतकालिके त्याने वॉर्ड लॉकला विकली. विकताना स्वतःचे नाव वापरण्याचा हक्कही गेला. तो वारला १८७७मध्ये, अंक निघत राहिला. माणूस जातो आणि त्याचे नाव दरवर्षी मुखपृष्ठावर हजेरी लावते, हा प्रकार दिवाळी अंकांच्या वाचकांना नवा नाही.

तर प्रश्न असा की नाताळासारख्या आनंदाच्या सणाला खून, भुते आणि चोऱ्या कशाला? इथे श्रेय डिकन्सला द्यावे लागते. १८५०पासून तो आपल्या साप्ताहिकांचे खास नाताळ अंक काढत होता. ‘द सिग्नलमन’ ही बोगद्याच्या तोंडाशी एकटा बसलेल्या रेल्वेच्या माणसाची अंगावर काटा आणणारी कथा १८६६च्या अशाच अंकातली. नाताळ हा तिकडे वर्षातल्या सर्वांत लांब रात्रींचा सण. शेकोटीभोवती बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगायची रीत जुनीच होती, डिकन्सने ती छापून विकली. १८६७च्या नाताळ अंकासाठी त्याने विल्की कॉलिन्सच्या साथीने ‘नो थरोफेअर’ लिहिली. तिच्यात अदलाबदल झालेली मुले आहेत, लबाड व्यापारी आहे आणि आल्प्सच्या बर्फात जिवावर उठलेला पाठलागही आहे. आज ती आपण सरळ थरारकथा म्हणून वाचू.

त्यानंतर काही आठवड्यांतच, ४ जानेवारी १८६८ला, त्याच साप्ताहिकात कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ सुरू झाली आणि ८ ऑगस्टपर्यंत ३२ आठवडे चालली. अंक निघण्याच्या दिवशी वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या कचेरीसमोर वाचकांची गर्दी व्हायची, असे तिचे प्रकाशक टिन्स्ली यांनी आठवणींत नोंदवले आहे. या कादंबरीची सुरुवात होते ४ मे १७९९ला, श्रीरंगपट्टणच्या लुटीत. एक इंग्रज अधिकारी तिथून हिरा पळवतो. हिऱ्याचे मूळ ठिकाण सोमनाथचे, आणि कथेचा शेवटही तिथेच, काठेवाडात होतो. ज्या सोमनाथला आपण अहिल्याबाई होळकरांनी १७८३मध्ये बांधलेल्या मंदिरामुळे ओळखतो, ते ठिकाण इंग्रजी गुप्तहेर कादंबरीच्या पहिल्या मोठ्या उदाहरणात असे येऊन बसले आहे. मधल्या यॉर्कशायरच्या भागात चोर कोण हे शोधले जाते. ते मी सांगणार नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा तो हक्क आहे.

‘मूनस्टोन’ लांब आहे, आणि तिची लांबी साप्ताहिकाने ठरवली. दर आठवड्याला एक खुंटी, त्या खुंटीला टांगलेला वाचक. असे ३२ वेळा करायचे तर साक्षीदार वाढवावे लागतात, उपकथानके लागतात. कॉलिन्सने ते अप्रतिम केले, तेही संधिवाताने अंथरुणाला खिळून, अफूचा अर्क घेत आणि मधेच आई गेल्याचे दुःख पचवत. पण सगळे कॉलिन्स नसतात. क्रमशः रहस्यकथेचा अंक चुकला की वाचक तुटतो. ही अडचण डॉयलनेच ओळखली. जुलै १८९१पासून ‘स्ट्रँड’मध्ये त्याने होम्सच्या एकेका अंकात संपणाऱ्या गोष्टी सुरू केल्या: माणसे तीच, गोष्ट दर वेळी पूर्ण. आत्मचरित्रात तो सांगतो की ही कल्पना आपल्या आधी कोणी राबवली नव्हती. सहा पेन्स किमतीच्या, चित्रांनी भरलेल्या त्या मासिकाचे आणि त्याचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे, त्यात मी शिरत नाही. एवढेच सांगतो की तिथेही सण आलाच. जानेवारी १८९२च्या ‘द ब्लू कार्बंकल’ या कथेत हिरा सापडतो तो नाताळच्या हंसाच्या पोटात, आणि होम्स चोराला सोडून देतो, कारण दिवस क्षमेचे आहेत. एरवी हा माणूस इतका मऊ नाही.

पुढे अगाथा ख्रिस्तीच्या बाबतीत तर प्रकाशकांनी ‘नाताळला ख्रिस्ती’ अशा अर्थाची घोषणाच करून टाकली आणि वर्षाला एक नवे पुस्तक नाताळच्या तोंडावर बाजारात आणले. तिच्याही पहिल्या पुस्तकाचा हिशेब गमतीचा आहे. ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ एका साप्ताहिकात क्रमशः आले. त्या हक्कांच्या ५० पौंडांतला निम्मा वाटा तिला मिळाला, म्हणजे २५ पौंड. डॉयलला १८८६मध्ये मिळाले तेवढेच.

आता आपल्या देशात येऊ, पण मराठीआधी वाटेत बंगाल. तिथे दुर्गापूजेचे शारदीय अंक म्हणजे आपल्या दिवाळी अंकांची सख्खी भावंडे. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या ‘गँगटोके गंडगोल’ आणि ‘सोनार केल्ला’ या कादंबऱ्या शारदीय ‘देश’मध्ये १९७० आणि १९७१ला एकाच अंकात पूर्ण छापून आल्या. माप पुन्हा तेच: पूजेच्या सुटीत एका दमात वाचून होईल एवढे. पेन यांनी नाकारलेल्या लांबीत बंगालीतला हा सर्वांत लाडका गुप्तहेर दर शरदात भेटायला येत असे.

बंगालीतल्या दुसऱ्या गुप्तहेराचा आणि आपला संबंध तर थेट आहे, आणि तो पुणेकरांनाही फारसा माहीत नसतो. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले. १९३२ला जन्मलेला ब्योमकेश तोवर थांबलाच होता. मधे सुमारे पंधरा वर्षांचा खंड पडला आणि १९५१च्या सुमारास तो परतला. १९५२मध्ये शरदिंदू सिनेमा सोडून पुण्यात येऊन राहिले आणि नंतरच्या बऱ्याच ब्योमकेश कथा त्यांनी पुण्यातच लिहिल्या. कोलकात्याच्या हॅरिसन रोडवरची खोली, तिथला चहा, तिथला पाऊस, हे सगळे सह्याद्रीच्या पायथ्याशी बसून. शिवकाळावरच्या ‘सदाशिव’ या त्यांच्या किशोरकथा म्हणजे या मुक्कामाची परतफेड म्हणता येईल. त्याच वर्षांत याच शहरात मराठी रहस्यकथा वाचनालयांतून धो धो वाहत होत्या. या दोन प्रवाहांनी एकमेकांकडे मान वळवून पाहिल्याचा पुरावा मात्र माझ्या वाचनात आलेला नाही.

मराठी दिवाळी अंकाची सुरुवात काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये केली, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. मित्र मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमाने त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतले. इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांचा नमुना त्यांच्यापुढे होता, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या झाडावर होम्स उगवला त्याच झाडाची ही फांदी. पण फांदीवर फळ वेगळे आले. आपला दिवाळी अंक सुरुवातीपासून साहित्याचा दरबार ठरला आणि रहस्यकथेला त्या दरबारात मागच्या दाराने यावे लागले. अनंत अंतरकरांचे ‘नवल’ आणि पुढे ‘धनंजय’ यांनी रहस्य, गूढ, अद्भुत, विज्ञान यांना वेगळे घर बांधून दिले, तेव्हा कुठे तिला सणाच्या दिवशी पुढच्या ओसरीवर बसता आले. नारायण धारपांच्या भयकथा, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा यांचे वाचक या हवेत वाढले. मतकरींना तर नाटककार म्हणून मान होताच, पण गूढकथा म्हटले की समीक्षकांच्या कपाळावर किंचित आठी येई.

दरबाराबाहेर मात्र वेगळेच राज्य चालू होते. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजे बाबूराव अर्नाळकर, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि त्याची बायको विजया, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. माझ्या पिढीतल्या ज्यांना ही नावे माहीत नाहीत त्यांनी आपल्या वडिलांना किंवा मावशीला विचारावे. आवाजात फरक पडलेला ऐकू येईल. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास आले. यांपैकी शिरवळकरांना ‘दुनियादारी’मुळे उशिरा का होईना वेगळी ओळख मिळाली. अर्नाळकरांना वाचकांनी जे दिले ते वाङ्मयाच्या इतिहासाने दिले नाही. खंडच्या खंड चाळले की त्यांच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, आणि त्यातही मुख्य मुद्दा संख्येचाच असतो. हजार पुस्तके लिहिणाऱ्याच्या एका तरी पुस्तकाबद्दल बोलावे, असे फार थोड्यांना वाटले.

ही पुस्तके पातळ, खिशात मावणारी. त्यांचे मापही एका बैठकीचेच, फक्त हे माप सणाच्या अंकाने नव्हे तर भाड्याने ठरवले होते. कोपऱ्यावरच्या खासगी वाचनालयात रोजाचे भाडे भरायचे, आज नेलेले उद्या परत करायचे. एका रात्रीत संपत नाही ते पुस्तक वाचकाला महाग पडते. म्हणून प्रकरणे आखूड, संवाद भरभर, वर्णन कमी. समीक्षकांनी याला उथळपणा म्हटले. मी याला भाड्याचे गणित म्हणतो, आणि ते म्यूडीच्या तीन खंडांच्या गणिताइतकेच अभ्यासण्याजोगे आहे. तिथे वाचनालयाला कादंबरी लांबवायची होती, इथे ती आवळायची होती.

भाड्याच्या पुस्तकाची गत काय होते ते निराळे सांगायला नको. शंभर हातांतून जाते, पाठीला डिंक आणि खाकी कागद लागतो, मग दोरा, मग रद्दी. बीटनच्या वार्षिकाचेही हेच झाले होते. तो अंक नाताळापूर्वीच संपला, वाचला गेला, फेकला गेला. आज जगभरात मिळून त्याच्या तीस-पस्तीस प्रती उरल्याची नोंद आहे. २००७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक प्रत १,५६,००० डॉलरला गेली. एक शिलिंगाची वस्तू. पण त्या तीस-पस्तीस प्रती कुठे आहेत, कुणाच्या आहेत, कोणत्या प्रतीला मुखपृष्ठ नाही, याची यादी तरी आहे. तिकडच्या हौशी वाचकांनी, बहुतांशी माझ्यासारख्या बिनपदवीच्या लोकांनी, ती वर्षानुवर्षे खपून केली.

आपल्याकडे मी अशी यादी करायला बसलो तेव्हा एका तालुक्याच्या गावी, शंभरी ओलांडलेल्या एका वाचनालयात गेलो होतो. दाखल नोंदवहीत अर्नाळकरांची नावे पानेच्या पाने होती, शाईत, सुबक अक्षरात. त्यांच्यापुढे तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द: ‘बाद’. ग्रंथपाल भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “साहेब, जागा नव्हती. अनुदानाच्या तपासणीला येणारे विचारतात, असली पुस्तकं कशाला ठेवता? मग काढली. कादंबऱ्या ठेवल्यात चांगल्या.” ‘चांगल्या’ या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता. तो त्यांना दिलेला शब्द होता. मी त्यांना विचारले, बाद केलेल्यांतली सर्वांत जास्त वेळा कोणती गेली होती? त्यांनी देवघेवीची जुनी वही काढली. ती त्यांनी जपली होती. पुस्तके गेली, पण कोणी, कधी, किती वेळा नेली ते सारे त्या वहीत होते. नेणाऱ्यांत शाळामास्तर होते, पोस्टातले लोक होते आणि बायकांची नावे भरपूर होती.

त्या दिवसापासून मी पुस्तकांबरोबर अशा वह्याही शोधतो. रहस्यकथा कोण वाचत होते, याबद्दल आपल्याकडे ठाम मते पुष्कळ आहेत: पोरेसोरे, गिरणीकामगार, रेल्वेने जाणारे. देवघेवीच्या वह्या पाहिल्याशिवाय यातले काहीच मान्य करायला मी तयार नाही. दिवाळी अंक योजनेच्या वह्या तर आणखी बोलक्या असतात. एकाच वर्गणीत सगळे अंक वाचायला मिळत असल्याने वाचकाने पहिला कोणता उचलला ते तारखेवरून कळते. ज्या दोन वह्या मला नीट पाहायला मिळाल्या, त्यांत दरबारी अंकांच्या आधी ‘नवल’ आणि ‘धनंजय’ घरी गेलेले दिसतात. दोन वह्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. वीस मिळाल्या तर काढता येईल.

माझ्याकडे सध्या झुंजारचे एक पुस्तक आहे, पुण्याच्या एका रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेले. मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव ठाऊक नाही. आत एका वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे, पण गावाचे नाव पुसले गेले आहे. परतीच्या तारखांचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला आहे. शेवटची चार पाने नाहीत. कथेत मलबार हिलवरच्या बंगल्यात एका सावकाराचा खून होतो, खिडकी आतून बंद असते आणि टेबलावर घड्याळाची किल्ली सापडते. कोणा वाचकाकडे हे पुस्तक पुरे असेल तर संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. प्रत नको, शेवटच्या चार पानांची छायाप्रत पुरेल.